निंबाखालची बैठकी

एप्रिलात आमच्या शाळेच्या वार्षिक परीक्षा असतात. मी खिडकीपाशी खुर्ची टाकून बसतो, पोरं माना खाली घालून लिहीत असतात, आणि बाहेरच्या कडुनिंबाचा फुलोरा वाऱ्याबरोबर आत येऊन त्यांच्या कागदांवर पडतो. तांदळाच्या कणीएवढी पांढरी फुलं. वास अर्धा गोड, अर्धा कडू. आमचे मराठीचे शिक्षक दर वर्षी या वासाबद्दल काहीतरी छान बोलतात.  मला मात्र त्यातला अर्धाच वास येतो.

अकोल्यात राहून बरीच वर्षं झाली, पण एक खोड जात नाही. स्टेशनाबाहेर, देवळापुढच्या पारावर, कुठेही सावलीत टेकायची वेळ आली की मी आधी आजूबाजूला पाहतो आणि विचारतो, ही जागा कोणाची? बरोबरचे हसतात. म्हणतात, अहो मास्तर, सावलीला कुठे मालक असतो? मी सांगतो, आमचीही अशीच समजूत होती.

तो उन्हाळा दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीचा. बी. ए.ची परीक्षा देऊन मी अमरावतीहून आसेगावला परत आलो होतो. आमच्या घराण्यात अंगठा न उठवता सही करणारा पहिला माणूस मी. कॉलेजाची पायरी चढलेला आख्ख्या गावात पहिला. हे मी मिरवून सांगतो. ज्यांच्या घरी चार पिढ्या शिकल्या त्यांना यात मिरवण्यासारखं काय आहे ते समजायचं नाही, आणि त्यांना समजावं म्हणून मी जीवही टाकत नाही.

पण शिकलेला माणूस उन्हाळ्यात खेड्यात किती निरुपयोगी असतो ते मला त्या वैशाखात कळलं. जमीन भेगाळलेली, भेगा अशा की वासराचा पाय अडकावा. पऱ्हाट्या उपटून झालेल्या, धसकटं वेचणं चाललेलं. मी हात लावायला गेलो की बा म्हणायचा, राहू दे. वखराला हात लावला की राहू दे, कडब्याच्या पेंढीला हात लावला की राहू दे. मला शिकवण्यासाठी त्याने स्वतःचे हात झिजवले होते आणि आता माझे हात त्याला कोरे ठेवायचे होते. आंबील प्यायची, कांद्याबरोबर ठेचा-भाकर खायची, आणि खाटेवर पडून छपराच्या कवेलूंमधून येणारे उन्हाचे कवडसे भिंतीवर सरकताना पाहायचे, एवढंच काम.

मग आमच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी सांगून ठेवलेलं काम आठवलं. निघताना त्यांनी आम्हा चारपाच पोरांना बोलावून म्हटलं होतं की निकाल लागेपर्यंत रिकामे बसू नका. आपल्या मुलखातली माणसं चारचौघांत कशी राहतात, कुठे बसतात, काय बोलतात, काय खातात, याची कोणी दखलच घेत नाही. एक सार्वजनिक जागा निवडा आणि तिथे बसून नोंद करा. "जे दिसेल ते लिहा," ते म्हणाले होते. "जे वाटेल ते लिहू नका." हे वाक्य मला तेव्हा फार शास्त्रीय वाटलं होतं.

मी मंगरूळच्या मोटारअड्ड्यावरचा निंब निवडला. मंगरूळात माझी मावशी राहायची, तिच्याकडे मुक्काम टाकला.

आता तो निंब कसा होता ते सांगतो. बुंधा चार माणसांच्या कवेत न मावणारा. मुळं जमिनीवर आलेली, जाड, माणसांच्या बसण्याने गुळगुळीत झालेली. मोटार यायची ती त्याच्यापुढे थांबायची, हंडल मारून पुन्हा सुरू व्हायची. तिच्या वेळेचा काही नेम नसायचा, म्हणून माणसं निंबाखाली बसायची. पण खरं सांगायचं तर मोटारीने जाणारे त्यात थोडेच. बाकीचे बसायलाच यायचे. बाजाराच्या दिवशी तर निंबाखाली एक दुसरा बाजार भरायचा, ज्यात विकायला काहीच नसायचं. बैलांचे सौदे व्हायचे, दोघांचे हात एका दुपट्ट्याखाली, भाव बोटांच्या खुणांनी, आणि तोंडावरची माशी हलत नाही अशी मुद्रा. सोयरिकी ठरायच्या. कोण वारलं, कोणाची गाय व्याली, कोणाची लेक नांदत नाही, ते इथे कळायचं आणि इथून बैलगाड्यांनी खेड्याखेड्यांत जायचं. जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, दर्ग्याकडे जाणारे फकीर मोरपिसांचे पंखे घेऊन टेकायचे, आणि ते उठून गेल्यावरही बराच वेळ लोभानाचा वास राहायचा. लेकुरवाळी बाई आली की बुंध्याजवळची माणसं न सांगता सरकायची, पाठ फिरवून बसायची, आणि ती निवांत पोराला पाजायची.

प्रत्येक गावाचं मूळ ठरलेलं होतं. ठरवलं कोणी, ते कोणाला माहीत नव्हतं. आमचं आसेगावचं मूळ मावळतीकडचं. जरा उठून पान-तंबाखूला जायचं झालं तर आपल्या जागेवर एक खडा ठेवून जायचं. त्या खड्याला कोणी हात लावत नसे. आमच्या गावचे एक काका खडा ठेवून गेले ते परत आलेच नाहीत, पेठेतच कोसळले. तो खडा पुढच्या बाजारापर्यंत तसाच होता. बाजूची जागा दाटीवाटीने भरली, पण ती हातभर जागा मोकळी.

सावली सगळ्यांची होती असं मी म्हणतो खरं, पण उगाच गोड लिहू नये. महारवाड्यातली माणसं पलीकडच्या अंगाला, नालीजवळ बसायची, जिथे सावली दुपार कलल्यावर पोचायची. तेही मी लिहिलं. छापताना ते वाक्य तेवढं गळलं.

आणि त्या मावळतीच्या मुळावर माझा बा बसायचा. सुखदेव त्याचं नाव. हे नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. गावात पाटलाच्या ओट्यावर बाची जागा पायरीवर होती. कचेरीत तो दाराबाहेर उभा राहायचा. देवळातल्या पंगतीत शेवटाला. पण निंबाखाली आला की त्याला लोक हाका मारायचे. बैलाच्या सौद्यात दोघांचं जमेना की म्हणायचे, सुखदेवभाऊले इचारा. धुऱ्याचं भांडण असो, रुसलेला जावई असो, बा तंबाखू मळत ऐकून घ्यायचा आणि शेवटी दोनच वाक्यं बोलायचा. लोक ती मानायचे. त्याला ना पाटीलकी होती ना पैसा. पूर्ण जगात त्याची अशी जागा एकच, त्या निंबाचं एक मूळ. आठवडाभर तो औतामागे चालायचा तो त्या एका दिवसासाठी, असं मला आज वाटतं. तेव्हा मी फक्त लिहिलं, की वृद्ध शेतकरी तंटे सोडवतात.

मी कोट घालून बसायचो. त्या झळांत कोट. पण बी. ए.ला बसलेला माणूस बिनकोटाचा कसा बसणार? बुंध्याच्या उगवतीला जैतुनबी फुटाण्याची टोपली घेऊन बसायची. एकटी बाई होती, नवरा केव्हाच गेलेला. तिचा धंदा फुटाण्यांचा, पण खरं काम लोकांची गठुडी सांभाळायचं. बाजार करून आलेला माणूस गठुडं तिच्यापाशी टाकून पुन्हा बाजारात जायचा. सगळी गठुडी सारख्याच फडक्यात बांधलेली, तरी तिची कधी गफलत झाली नाही. तिने पहिल्या दिवशीच मला विचारलं की बेटा, माझं काय लिहिलंस? मी वाचून दाखवलं. एक वृद्ध मुसलमान स्त्री भाजलेले हरभरे विकते. तिने तोंडात दुपट्ट्याचा पदर धरून हसून घेतलं. म्हणाली, एवढंच व्हय, हे तं मले बी दिसते.

पहिले काही दिवस मजेत गेले. ज्याला त्याला लिहून घ्यायचं होतं. एकजण बैलाचं नाव लिहायला सांगून गेला. मग हळूहळू माझ्याकडे बघायची नजर बदलली, आणि का बदलली ते मला सगळ्यांत शेवटी कळलं.

आमच्याकडे बाजारात जो दुकान मांडून बसतो त्याला ठेक्याची पट्टी द्यावी लागते. तिला बैठकी म्हणतात. पोतं अंथरलं की बैठकी, टोपली ठेवली की बैठकी. आणि नवीन जागेला बैठकी लागायची असली की आधी एक कोटवाला माणूस येऊन कोण कुठे बसतं ते कागदावर टिपून नेतो. शिकला-सवरलेला माणूस ज्ञानासाठी उन्हातान्हात बसून लोकांच्या बसण्याची नोंद घेईल, हे कोणाच्या डोक्यात येणार? त्यांनी सरळ हिशेब केला. सुखदेवच्या पोराला नोकरी लागली, आणि आता निंबाच्या सावलीला बैठकी लागणार.

पुढच्या बाजाराला मी पाहतो तर निंबाखाली सगळी माणसं उभी. गर्दी तेवढीच, पण एकही बसलेला नाही. म्हातारे काठीवर भार देऊन उभे, बाया गठुडी डोक्यावरच घेऊन उभ्या. मला वाटलं मोटार येते आहे. मोटार आली, गेली, माणसं उभीच. मी एकाला म्हटलं, बसा ना. तो म्हणाला, नाही बाप्पा, आमी उभेच हाओत, पाहून घे. बैठकी बसण्यावर असते, तेव्हा उभ्या माणसाला कोण काय मागणार, असा तो कायदा होता. काहीजण थकून उकिडवे झाले, तर त्यावर वाद सुरू झाला की उकिडवं होणं हे बसण्यात धरायचं की नाही. धनजकडचा एक म्हातारा मोटारीसाठी थांबला होता, त्याने निकाल दिला.

"बूड टेकलं तं बैठकी," तो म्हणाला. "नाही टेकलं तं नाही. कोंबडी बी बसते, तिले कोन पैसे मांगते?"

मी मनात हसलो. अडाणी लोक, असंही म्हणालो असेन. कॉलेजात चार वर्षं काढल्यावर हा शब्द जिभेवर फार लवकर येतो. आज लिहिताना दिसतं की त्या दिवशी निंबाखाली उभी असलेली ती सगळी माणसं माझ्यापेक्षा दूरचं पाहत होती, फक्त त्यांना ते नीट मांडता येत नव्हतं.

बा एकटाच मुळावर बसलेला. त्याच्या भोवती सगळे उभे. त्याला टोमणे सुरू झाले होते. सुखदेवभाऊ, तुमी बसा खुशाल, तुमाले तं घरचीच बैठकी. एकाने विचारलं, पोराचा पगार सावलीच्या हिशेबानं हाय का मानसाच्या? बा तंबाखू मळत राहिला. त्या दिवशी त्याला कोणी काही सोडवायला सांगितलं नाही.

सांजेला त्याने गाडी जुंपली आणि बैलांच्या माना खाजवत मला विचारलं, "तू हे लिवून कोनाले देशीन?"

"प्राध्यापकांना."

"त्याइले काय करायचं हाय?"

"ते छापतील."

"मंग?"

 मी म्हटलं, ज्ञान वाढतं. बाला तो शब्द कीर्तनातून ठाऊक होता, म्हणून त्याने तो मान खाली घालून घेतला. मग म्हणाला, "सरकारचा हात तं नाही ना त्याच्यात?"

"नाही."

"मंग लिव. अर्ध्या तासात औत सोडू नाही." त्याचा तास म्हणजे औताची ओळ, घड्याळातला नव्हे.

पुढच्या बाजाराला बा आला तो मुळावर बसला नाही. बुंध्यापाशी जाऊन उभा राहिला आणि त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. माझा बा मोठ्याने बोलणारा माणूस नव्हे, म्हणून लोक आपोआप गप्प झाले.

"माहा पोरगा कोनाचा मानूस नाही," तो म्हणाला. "त्याच्या लिवन्यानं या निंबाखाली बैठकी लागली, तं त्या दिवसापासून मी अठी बूड टेकनार नाही. हा माहा शब्द हाय. आता बसा."

 मग जैतुनबीने टोपली खाली ठेवली आणि ती बसली. मग आमच्या गावची माणसं बसली. मग सगळा निंब बसला. त्या बसण्याचा आवाज मला अजून आठवतो, हुश्श करून सोडलेले श्वास, काठ्या टेकल्याचे, हाडं वाजल्याचे आवाज. मला त्या क्षणी बापाचा फार अभिमान वाटला. त्याने काय पणाला लावलं ते मला उमगलं नव्हतं. मी तो प्रसंग नोंदला, शास्त्रीय भाषेत, नाव न घालता.

निकाल लागला. दुसरा वर्ग. बाने गावभर गूळ वाटला. मी नोंदी स्वच्छ लिहून प्राध्यापकांना दिल्या, त्यांना त्या फार आवडल्या, आणि दिवाळीच्या सुमाराला एका इंग्रजी मासिकाच्या अंकात त्या नोंदींवरून लिहिलेला प्राध्यापकांचा लेख आला. माझं नाव तळाला बारीक अक्षरात. मी तो अंक अकोल्याच्या शाळेत नोकरीच्या अर्जाला जोडला, आणि नोकरी मिळाली. त्या लेखाने माझं भलं केलं हे नाकारत नाही.

पुढच्या वैशाखात सुटीला निघालो. मोटार मंगरूळला थांबली, मी उतरलो, आणि मला वाटलं मी चुकीच्या गावी उतरलो. निंबाभोवती काटेरी तारेचं कुंपण. आत पत्र्याचं छप्पर, चहाची भट्टी, लाकडी बाकं. जी मुळं माणसांच्या बसण्याने गुळगुळीत झाली होती त्यांच्यावर फळ्या ठोकलेल्या. दारावर एक माणूस. चहा घ्या, बसा. टोपली आणायची तर बैठकी. गाडी सोडायची तर बैठकी. गावाचा कारभार पाहणाऱ्या ज्या कमिटीच्या हद्दीत तो निंब येत होता, तिने चैत्रात दवंडी पिटून जागेचा लिलाव केला होता आणि ती एका ठेकेदाराला दिली होती.

बा मला घ्यायला आला होता. रस्त्याच्या पलीकडे, धोतराचा सोगा डोक्यावर घेऊन भर उन्हात उभा.

मी त्याच पावली कमिटीच्या अध्यक्षांकडे गेलो. कोट होताच अंगात. ते फार सभ्यपणे वागले, मला खुर्ची दिली, माझ्या इंग्रजीची तारीफ केली, आणि कपाटातून तो अंक काढून माझ्यापुढे ठेवला. एका वाक्याखाली रेघ ओढलेली होती. आजूबाजूच्या खेड्यांतून इथे बारमाही माणसं येतात आणि उन्हाळ्यात अड्ड्यावर ही एकच दाट सावली आहे, असं ते वाक्य. माझंच वाक्य. ते म्हणाले की जागा एवढी चालती आहे हे आमच्या कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं, तुमच्यामुळे आलं. मी म्हटलं, ती जागा लोकांची आहे, पिढ्यान्पिढ्या लोक तिथे बसतात. त्यांनी अंक माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "हे तुम्ही यात कुठे लिहिलंय?"

लिहिलं नव्हतं. पानं उलटून पाहिली, कुठेच नव्हतं. कोण कोणत्या मुळावर बसतं ते होतं, फुटाणे होते, खडा होता, दुपट्ट्याखालचे हात होते. सावली कोणाची ते नव्हतं. कारण ते दिसत नाही. ते सगळ्यांना ठाऊक असतं, आणि जे सगळ्यांना ठाऊक असतं ते कोणी लिहीत नाही, आणि जे लिहिलेलं नाही ते कचेरीत नसतं. एवढं साधं त्रैराशिक मला बी. ए. होऊन शिकावं लागलं. जे दिसतं तेवढंच लिहावं असं सांगणारे लोक बहुधा अशा घरांत जन्मलेले असतात, जिथे बाकीचं सगळं आधीच दस्तऐवजात लिहून ठेवलेलं असतं.

अध्यक्षांनी चहा मागवला. तो कोणत्या हॉटेलातून येणार ते मला कळत होतं, म्हणून मी उठलो.

जैतुनबी कापसाच्या जिनाच्या, सरकी काढायच्या कारखान्याच्या, भिंतीला टेकून बसली होती. तिथे सकाळी घटकाभर सावली, मग दिवसभर तापलेली वीट. टोपली होती, गठुडी नव्हती. एवढ्या लांब उन्हात कोण गठुडं ठेवायला येणार? मी तिच्यापुढे बसलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो की त्यांनी माझ्या लिहिण्याचा भलताच अर्थ लावला. ती माझ्याकडे पाहून बोलली. रागाने नाही.

"नाही बेटा," ती म्हणाली. "तुनं चांगलंच लिवलं असन. खराब लिवलं असतं तं कोनी घेतलं नसतं."

माझ्या लेखनाबद्दल आजवर पुष्कळ जण बोलले. इतकं खरं कोणी बोललेलं नाही.

बैठकी लागली त्या दिवसापासून बाने निंबाखाली पाऊल टाकलं नाही. बाजाराला यायचा मात्र चुकला नाही. गाडी दूर सोडायची आणि रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. आधी त्याचे सोबती त्याच्याबरोबर उभे राहिले, महिना-दोन महिने. मग एकाचे गुडघे दुखू लागले, तो आत गेला. एकाचा जावई आत बसलेला, त्याच्यासाठी जावं लागलं. एकाला चहाची चटक लागली. कोणाला दोष देऊ? ऊन माणसाला ओळखत नाही. बैलाचे सौदे आता बाकांवर व्हायला लागले, आणि अडलं तर ठेकेदारच मध्ये बोलू लागला. ठेकेदार वाईट माणूस नव्हता. तो स्वतः बाहेर आला, बी. ए. साहेबांचे वडील म्हणून बाला फुकटात खुर्ची देऊ केली. बाने हात जोडले.

एकदा आसेगावची जुनी माणसं गोळा होऊन त्याच्याकडे आली. म्हणाली, सुखदेवभाऊ, तुझा शब्द आम्ही माफ केला, चाल, आत बस. त्या वेळी मी तिथे होतो. बा हसला. म्हणाला, "शब्द काय कोनाची उधारी हाय, माफ कराले? मी देल्ला, तो माह्यापाशीच हाय." मग त्याने विषय बदलला आणि मोटार काहून आली नाही ते विचारलं.

लढाईच्या दिवसांत मोटारी कोळशावर चालायला लागल्या. चढावर दम टाकायच्या, वाटेत उतरून ढकलाव्या लागायच्या, दुपारची मोटार सांजेला यायची. दर सुटीत मी त्या धुराने काळा होऊन उतरायचो आणि बा तिथेच उभा असायचा, दर वर्षी थोडा अधिक वाकलेला. एकदाही तो म्हणाला नाही की तुझ्यामुळे. म्हणाला असता तर बरं झालं असतं. उलट ड्रायव्हरला सांगायचा, माहा पोरगा, बी. ए. हाय. त्याच्या शेजारून माणसं आत सावलीत जायची आणि जाताना मान खाली घालायची.

आई गेली. शेत धाकट्या भावाकडे. या चैत्रात मी हट्ट करून बाला अकोल्याला आणलं. म्हटलं, पुरे झालं उभं राहणं. माझ्या भाड्याच्या घराला एक ओसरी आहे, थंडगार, दिवसभर सावलीची. तिच्यात त्याच्यासाठी वेताची खुर्ची आणून टाकली. बा खुर्चीत बसला नाही, खांबाला टेकून खाली बसला, आणि गल्लीतून जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणू लागला, या बसा ना बाप्पा. लोक हसून पुढे जायचे. कोणाला ऑफिस, कोणाला बाजार, कोणाला सिनेमा. पोस्टमन एकदा क्षणभर टेकला, तर बाचा तो दिवस त्यावर गेला. संध्याकाळी मी पेपर तपासत बसायचो. तो मला विचारायचा, या गावात लोक बसत नाहीत काय? मी म्हणायचो, बसतात ना, आपापल्या घरी.

गेल्या आठवड्यात, ऐन दुपारी, एक भाजीवाली ओसरीच्या सावलीला टेकली. बाने लगेच जागा करून दिली, तांब्याभर पाणी आतून आणलं, तिचं गाव कोणतं, पाऊसपाणी कसं, लेकरं किती, विचारपूस सुरू झाली. कितीतरी वर्षांनी मी त्याचा तो आवाज ऐकत होतो, निंबाखालचा. मी खिडकीपाशी हातातली लेखणी थांबवून ऐकत राहिलो. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून घरमालक ओरडले, ए बाई, ऊठ तिथून, हा काय बाजार आहे?

मी बाहेर आलो. म्हटलं, मी भाडं भरतो. ते शांतपणे म्हणाले, "भाडं खोल्यांचं आहे, मास्तर. ओसरी सामाईक आहे."

भाजीवाली उठली होतीच. तिला यात नवीन काही नव्हतं. बा उठला, दोन्ही हातांनी टोपली उचलून तिच्या डोक्यावर चढवून दिली, आणि तिच्या मागोमाग पायऱ्या उतरून गल्लीत गेला. ती वळणाआड होईपर्यंत तिथेच उभा. मी त्याला आत चला म्हणालो. उन्हं डोक्यावर आली आहेत, म्हणालो. तो वळला नाही.

"मले मोटारीत बसवून दे," तो म्हणाला. "तिथलं ऊन वळखीचं हाय."